हुंगणाऱ्यांचा रकाना

खरं सांगू? मला धोपटचा फोटो बघवत नव्हता.

कँटीनमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर फळा. साहेब लोक त्याला डॅशबोर्ड म्हणतात. आम्ही फिटर मंडळी फळाच म्हणतो, कारण शाळेतल्या फळ्यावर बोलणाऱ्या मुलांची नावं लिहायचे तशी यावर आमची नावं असतात. दहा फूट रुंद पडदा, त्यावर अख्ख्या कारखान्याचा नकाशा आणि नकाशावर चारशे बारा ठिपके. एकेक ठिपका म्हणजे पाइपाचा एकेक जोड. आणि उजव्या कोपऱ्यात चांगला वीतभर फोटो, महेंद्र धोपटचा. दात काढून हसतोय. खाली लिहिलंय, 'सलग दोनशे चौदा दिवस, शून्य गळती.'

मी फळ्याकडे पाठ करून बसायचो. तर पुढ्यातल्या स्टीलच्या ताटात त्याचं हसू चमकायचं. जेवायचं तरी कसं माणसानं?

मी संदेश शिगवण. धोपट आणि मी बावीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच पाळीत, एकाच जोडीत. रत्नागिरीजवळची आमची कंपनी कोळंबी, माकूल, सुरमई गोठवून परदेशी पाठवते. गोठवायचं काम करतो अमोनिया. पाइपांतून फिरतो, मासळीची उष्णता ओढून घेतो, दाबला जातो, पुन्हा फिरतो. पाइपात आहे तोवर गुणी बाळ. बाहेर आला की डोळे, घसा, छाती, जिथे ओल सापडेल तिथे घुसतो आणि जाळतो. त्यामुळे जोड आवळणं आणि गळती शोधणं यातच आमचा जन्म गेला.

आमच्यात एक रीत होती, आमचे उस्ताद हमीद काझी यांनी घालून दिलेली. आवळणारा वेगळा, हुंगणारा वेगळा. कारण साधं आहे. जोड खोलताना थोडा अमोनिया सुटतोच. त्यात पाच मिनिटं काढली की नाक त्या वासाला सरावतं आणि मेंदूला कळवणंच बंद करतं. मग जोड गळत असला तरी आवळणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून जोडीदारानं लांब उभं राहायचं, नाक ताजं ठेवायचं आणि काम झालं की येऊन हुंगायचं. तो 'आहे' म्हणाला की पुन्हा पाना लावायचा. 'नाही' म्हणाला की विषय संपला. बावीस वर्षं धोपटच्या जोडांना माझं नाक आणि माझ्या जोडांना धोपटचं.

माझं नाक लहानपणापासून तिखट. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर आधी मला कळायचं. धोपटला त्याचं भारी कौतुक. जेवायला बसलो की आपला डबा उघडून आधी माझ्या नाकाखाली धरायचा. "बघ रे शिगवण, आंबलंय का?" मी हुंगून सांगायचो, "खा, चांगलं आहे," किंवा "आमटी टाक, गेली ती." मगच तो घास घ्यायचा. सगळे हसायचे. वर्षानुवर्षं चाललेली गंमत होती आमची.

मग गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार छत्तीस साली, फळा आला.

तो आणला टेमकर मॅडमनी. ऋतुजा टेमकर, आमच्या सुरक्षा इंजिनिअर. वय तिशीचं, बोलणं गोड, पण कामात ढिलाई अजिबात खपवून घेत नाहीत. त्यांनी आम्हाला समजावलं ते असं. प्रत्येक वायू उजेडातला आपापला एक रंग गिळतो. हा रंग डोळ्यांना दिसत नाही, तांबड्याच्याही पलीकडचा असतो. अमोनियाचा रंग ठरलेला आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत नेमका त्या रंगाचा लेझर किरण सोडायचा. पलीकडे तो जितका कमी पोचेल तितका वाटेत अमोनिया आहे असं समजायचं. असे चाळीस किरण कारखानाभर लावले. मग कुठले पंखे चालू आहेत, कुठली दारं उघडी आहेत, वारा कसा आहे, हे सगळं धरून संगणक उलटा मागे चालत जातो. वास इथे पोचला, तर निघाला कुठून? ज्या जोडापाशी तो पोचेल त्याचा ठिपका पिवळा. गळती मोठी असेल तर लाल. आणि ठिपक्याशेजारी नाव, तो जोड शेवटचा ज्यानं आवळला त्याचं.

पण आमच्याकडे एक पंचाईत होती. मासळीचा कचरा कुजला की त्यातूनही अमोनियाच निघतो, अगदी अस्सल. किरणाला टोपलीतला अमोनिया काय आणि पाइपातला काय, सारखाच. माणसाच्या नाकाला मात्र फरक कळतो. टोपलीच्या वासाला कुजकी शेपूट असते, पाइपातला वास कोरडा आणि सरळ टोचणारा. म्हणून मॅडमनी आमच्या मनगटांवर पट्टे बांधले. काम झालं की पट्टा हुंगणाऱ्याला विचारतो, "वास आहे?" 'आहे' दाबलं तर काम चालूच राहतं, पुन्हा आवळा, त्याचा बोल कोणाला नाही. 'नाही' दाबलं की काम बंद. त्यानंतर गळती निघाली तर मात्र आवळणाऱ्याच्या नावापुढे ठिपका पडतो.

हुंगणाऱ्यांच्या उत्तरांचं फळा पुढे काय करतो, तेही मॅडमनी एकदा सांगितलं होतं. दुसरं एक पान उघडून दाखवत होत्या. मी ऐकलंच नाही. त्याच दिवशी पहिल्या पानावर धोपटचा फोटो लागला होता आणि माझं अर्धं डोकं त्यातच अडकलेलं होतं.

फोटो काढताना धोपट माझा हात ओढत होता. "मॅडम, हा पण पाहिजे. आमची जोडी आहे."

"अहो, फळ्यावर नाव एकाचंच येतं," मॅडम हसून म्हणाल्या.

"ये ना रे शिगवण!"

मी हात सोडवून घेतला. दयेचा फोटो कोणाला हवाय? आणि माझा आकडा तरी काय होता? सहा महिन्यांत अकरा पिवळे ठिपके. बावीस वर्षं ज्या हातांनी मी जोड आवळले त्या हातांची अशी शोभा झाली. पूर्वीही जोड गळायचे. आम्ही पाना लावायचो आणि विसरून जायचो. कोणाचा जोड गळला हे कोण लिहून ठेवत होतं? आता नवीन पोरंसुद्धा कँटीनमध्ये माझ्या ठिपक्यांकडे बघून पुटपुटायची आणि धोपट दिसला की "शून्यवाले आले, शून्यवाले आले" करत सरकून जागा द्यायची.

एकदा घरी आलो तर नम्रता भाकरी थापत होती. माझी बायको. तिला वाईट हेतू ठाऊक नाही, पण कुठल्या वेळी काय बोलावं तेही ठाऊक नाही.

"अहो, धोपट भावोजींचा फोटो वाडीच्या ग्रुपवर आलाय. नव्या कोल्ड स्टोरेजला तेच फोरमन होणार म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतायत. फळ्यावरनंच ठरणार ना ते? तुमचंही नाव असेल की यादीत."

"असेल. खालून बघितलं की लगेच सापडेल."

"असं काय बोलता? दोघं एकाच वेळी लागलात, एकत्रच शिकलात..."

"तेच तर म्हणतोय मी!" माझा आवाज चढला. "एकत्र शिकलो, एकच उस्ताद, एकच पाना. मग त्याच्या हाताला काय मध लागलाय? अं?"

तव्यावरची भाकरी करपली. माझंही तेच चाललं होतं आत.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी हिशोब लावला, आणि ताडकन उठून बसलो. माझे अकरा जोड गळले. ते अकराच्या अकरा हुंगले कोणी? धोपटनं. काम झालं की यायचा, वाकायचा, नाक फेंदारायचा, "ओके, काही नाही" म्हणून पट्टा दाबायचा, आणि पंधरा मिनिटांत माझा ठिपका पिवळा. त्याचे जोड काय गळत नव्हते? चांगले गळत होते! पण मी होतो ना तिथे. "धोपट, डावीकडचा बोल्ट, अर्धा आटा अजून," असं मी सांगायचो. तो आवळायचा आणि काम बंद व्हायच्या आत गळती थांबायची. फळ्याला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. फळ्याला दिसत होतं ते शून्य.

म्हणजे त्याचं शून्य माझ्या नाकावर उभं होतं. आणि माझ्या अकरा ठिपक्यांच्या वेळी त्याचं नाक कुठे होतं? हा मुद्दाम करतोय! एकदा हा विचार शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी हात धुवायच्या नळावर मी त्याला गाठलं.

"धोपट, माझे जोड नीट हुंगतोस ना रे?"

त्याच्या हातातून साबण निसटला. "म्हणजे? हुंगतो की."

"मग गळतात कसे?"

"असेल काहीतरी... गॅस्केटचा माल हल्ली चांगला येत नाही." तो माझ्याकडे बघेना. नळ चालूच होता. "चल, उशीर होतोय."

माणूस खोटं बोलला की मला कळतं. तो खोटं बोलत होता, यात काडीची शंका नव्हती. खोटं कशाबद्दल, तेवढंच मी चुकीचं ठरवून टाकलं. त्याच संध्याकाळी मी मनाशी म्हटलं, एकदा याच्याही नावापुढे पिवळा ठिपका पडू दे. एकच. तो फोटो एकदा खाली उतरू दे. मग बघू कोण कोणाला जागा देतं.

तो दिवस बुधवार. सकाळचे अकरा. मशीन हॉलमधला दोनशे सात नंबरचा जोड, जिथून द्रवरूप अमोनिया जातो. धोपटनं जुनं गॅस्केट, म्हणजे जोडात फट राहू नये म्हणून घालतात ती चकती, काढून नवं बसवलं, आठही बोल्ट आवळले आणि घाम पुसत बाजूला झाला. मी दाराशी उभा होतो, ताज्या नाकानं. दाराबाहेर मासळीच्या कचऱ्याच्या टोपल्या पडल्या होत्या. दोन दिवस कचऱ्याची गाडी आली नव्हती, वास घमघमत होता.

मी जोडापाशी जाऊन वाकलो.

वास होता. टोपल्यांचा नव्हे, तो वेगळा कळत होता. हा कोरडा, बारीक, खालच्या बाजूनं टोचणारा. फार नव्हता. एक बोल्ट पाव आटा फिरवला असता तर संपला असता.

पट्टा म्हणाला, "वास आहे?"

धोपट माझ्या तोंडाकडे बघत होता. रोज बघायचा तसाच, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखा. "काय रे? ओके?"

"ओके," मी म्हणालो आणि 'नाही' दाबलं.

एवढंच केलं मी. माझा अंदाज होता, फार तर पंधरा मिनिटं. किरण वास पकडतील, ठिपका पिवळा होईल, पट्टा बोंबलेल, धोपट येऊन पुन्हा आवळेल. माझ्या जोडांच्या वेळी अकरा वेळा हेच झालं होतं. कोणाला ओरखडाही उमटला नव्हता. मग याला तरी काय होणार होतं?

मी कँटीनमध्ये गेलो, चहा घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा फळ्याकडे तोंड करून बसलो. दोनशे सात हिरवा. चहा संपला, हिरवाच. आणखी एक घेतला. वीस मिनिटं झाली, ठिपका हिरवाच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. च्यायला, मशीनसुद्धा याच्याच बाजूचं! माझा जोड जरा सुस्कारला तरी पिवळा होतो आणि याचा गळतोय तरी हिरवागार.

नकाशावर आमच्या पट्ट्यांच्या खुणाही दिसतात. धोपटची खूण हलली आणि मशीन हॉलमध्ये शिरली. पाइपावर थंडी धरून ठेवणारं आवरण चढवायचं राहिलं होतं, त्यासाठी गेला असणार. ते काम गुडघ्यावर बसून, तोंड जोडाला लावून करावं लागतं. मी मनात म्हटलं, जा, आता येईल तुलाच वास. येशील बाहेर तोंड पाडून.

त्याची खूण दोनशे सातपाशी थांबली. एक मिनिट झालं, दोन झाली, चार झाली.

तो बाहेर येईना.

थोड्याशा अमोनियानं डोळे चुरचुरतात हे खरं, पण आमचे डोळे बावीस वर्षांत निबर झालेले. खरा इशारा देतं ते नाक. तोंड जोडाला लावून तिथे चार मिनिटं कोण थांबेल? वास येणारा माणूस थांबणार नाही. वास येणारा कुठलाही माणूस... आणि माझ्या हातातला ग्लास खाली पडला. मला डबा आठवला. रोज, न चुकता, माझ्या नाकाखाली धरलेला डबा.

मी धावलो. कँटीनपासून मशीन हॉल दीडशे पावलं असेल. मी आयुष्यात कधी एवढा धावलो नव्हतो. "धोपट! बाहेर ये! धोपट!" पण कॉम्प्रेसरच्या आवाजात काय ऐकू येतंय?

मी दारात पोचलो आणि भोंगा वाजला. द्रव अमोनिया बाहेर आला की लगेच उकळतो, आणि उकळताना आजूबाजूची सगळी उष्णता ओढून घेतो. वीस-पंचवीस मिनिटं तो त्या बारीक फटीतून झिरपत होता. जोडाची ती कड थंड पडून आकसली, तिथला बोल्ट सैल पडला, फट वाढली, आणखी अमोनिया, आणखी थंडी. आणि मग गॅस्केट एका बाजूनं फाटलंच. समोर नुसता पांढरा लोट होता.

अमोनियाला पाणी प्रिय. दारापाशी पाण्याच्या पिंपात गोणपाटं भिजत ठेवलेली असतात, तीही काझी उस्तादांचीच रीत. एक तोंडावर घेतलं, एक हातात, आणि जमिनीलगत सरपटत आत गेलो. डोळे मिटूनच. ती जागा माझ्या पायाखालची होती. हाताला धोपटचा बूट लागला. ओढला. त्याचं ते घशातून घरघरणं मला अजून ऐकू येतं.

बाहेर आणून त्याच्या डोळ्यांवर पाण्याची धार धरली, पंधरा मिनिटं, हॉस्पिटलची गाडी येईपर्यंत. तो माझं मनगट घट्ट धरून होता. फळ्यानं तोवर झडपा आपोआप बंद केल्या होत्या. आणि दोनशे सात नंबरचा ठिपका लाल झाला होता. शेजारी नाव, महेंद्र धोपट. कोपऱ्यातला फोटो गेला होता. मला हवं होतं ते सगळं, अगदी मनासारखं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी टेमकर मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. माझे डोळे अजून सुजलेले होते. त्यांचे रडून सुजलेले असावेत.

"बसा. चूक कोणाची हे बघायला नाही बोलावलं तुम्हाला. चूक झाली असेल तर माझी झाली. हे पान मी महिनोन्‌महिने उघडलंच नाही." त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. "आठवतं? शिकवलं होतं मी. हा हुंगणाऱ्यांचा रकाना."

नावांची एक यादी होती. सर्वांत वर 'संदेश शिगवण, अठ्ठ्याण्णव'.

"हे काय आहे?"

"गळती खरोखर होती तेव्हा तुम्ही शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा 'आहे' म्हणालात. किरणांपेक्षाही आधी. वास जोडाचा की टोपल्यांचा, असा प्रश्न पडला की फळा आधी हुंगणाऱ्याचा शब्द बघतो, आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्या शब्दाला तेवढं वजन देतो. बुधवारी किरणांना अमोनिया दिसत होता हो. पण तुम्ही 'नाही' म्हणाला होतात. फळ्यानं धरून चाललं की शिगवण म्हणतायत म्हणजे हा टोपल्यांचाच वास."

मी पडद्याकडे बघत राहिलो. लाज वाटते सांगायला, पण पहिल्या क्षणी मला आनंद झाला. मी पहिला होतो! इतके महिने पहिला होतो, धोपटच्या किती तरी वर. पण धोपटचं नाव मला दिसेना.

"धोपट कुठे आहे यात?"

मॅडमनी पान खाली सरकवलं, थेट तळाला. 'महेंद्र धोपट, चार.'

"चार?"

"शंभरात चार. म्हणजे त्यांना वास येतच नाही, शिगवण. फळ्याला हे सहा महिन्यांपासून माहीत होतं. त्यानं त्यांचं उत्तर धरणंही सोडून दिलं होतं. पण सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. आम्ही सगळे आपले पहिल्या पानावरचे फोटो बघत बसलो." त्यांनी नाक ओढलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शंभरात दोनदा तुमचंही चुकतं. फळ्यानं तुमचा फक्त एक गुण कापलाय. अठ्ठ्याण्णवचे सत्त्याण्णव."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी "बरं मॅडम" म्हणालो आणि उठलो.

रविवारी हिंमत करून हॉस्पिटलमध्ये गेलो. धोपटची छाती बचावली होती. उजवा डोळा येईल म्हणत होते, डाव्याची खात्री नव्हती. दोन्हींवर पट्ट्या होत्या. शेजारी अश्विनी वहिनी बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्याच. "या भावोजी. तुम्ही नसतात तर..." त्यांनी हात जोडले. माझ्यासमोर त्यांनी हात जोडले हो!

"शिगवण आला?" धोपटनं मान वळवली. आवाज फाटलेला होता. "बस. ये इकडे, या बाजूला बस. मला बोलायचंय तुझ्याशी."

मी बसलो. त्यानं चाचपडत माझा हात शोधला.

"चौकशीवाले आले होते. विचारत होते, हुंगणाऱ्याची चूक झाली का? मी म्हटलं, शक्यच नाही. शिगवण 'नाही' म्हणाला म्हणजे वास नव्हताच, गॅस्केट नंतर गेलं असणार. बावीस वर्षांत त्याचं नाक चुकलेलं मी बघितलेलं नाही."

"धोपट..."

"थांब, मला बोलू दे. मग हिंमत होणार नाही." त्याला खोकला आला. वहिनींनी पाणी दिलं. "मला वास येत नाही, शिगवण. करोनात गेलं माझं नाक. सतरा वर्षं झाली. सगळ्यांचं परत आलं, माझं आलंच नाही. तेव्हाच सांगितलं असतं तर कंपनीनं प्लांटवर पाऊल ठेवू दिलं नसतं. पोर लहान होती, दुसरं काही काम येत नव्हतं. म्हटलं, शिगवण आहे ना. त्याच्या नाकावर माझं निभेल. निभलंही. पण तुझ्या जोडांना कोण होतं? मी आपला वाकायचो, नाटक करायचो आणि 'नाही' दाबायचो. तुझे अकरा ठिपके माझे आहेत रे. त्या दिवशी नळावर तू विचारलंस तेव्हा ओठांवर आलं होतं सगळं. नाही बोललो. फोटो लागला तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मला माफ कर."

तो माझी माफी मागत होता. पट्ट्यांखालून रडताही येत नव्हतं बिचाऱ्याला.

वहिनींनी विषय बदलायला म्हणून डबा उघडला. "सकाळपासून काही खाल्लं नाही यांनी. आता तुम्ही आलात तर दोन घास तरी खातील."

धोपटनं सवयीनं हात पुढे केला, डबा घेतला आणि अंदाजानं माझ्या तोंडासमोर धरला. ओठांवर तेच ते जुनं हसू. "बघ रे शिगवण, आंबलंय का? सकाळचा आहे."

बांगड्याची आमटी होती, कोकम आणि तिरफळ घातलेली. वास चांगला होता, आंबल्याची झाकही नव्हती.

"धोपट," मी म्हणालो, "दोनशे सातला वास होता."

डबा तसाच राहिला. "काय?"

"बुधवारी. तू आवळून बाजूला झालास, मी वाकलो. तेव्हा वास होता."

"किती?"

"थोडा. खालच्या बोल्टाला. पण मला कळला होता."

"मग?"

"मी 'नाही' दाबलं. मुद्दाम दाबलं. तुझ्या नावापुढे एक पिवळा ठिपका हवा होता मला. फक्त एक. एवढं होईल असं... तुझा फोटो बघवत नव्हता रे मला."

शेजारच्या खाटेवरचा माणूस रेडिओ लावून पडला होता, त्यावर हवामान सांगत होते. धोपटनं काही शिवी दिली असती, हात झटकला असता, तर बरं झालं असतं. तो नुसता पडून होता आणि डबा माझ्या नाकाखाली तसाच होता.

मग डबा हळूहळू मागे गेला. पांघरुणावरून चाचपडत, माझ्यापासून लांब, खाटेच्या पलीकडच्या बाजूला.

"अश्विनी," धोपट म्हणाला, "तू बघ गं. आंबलंय का."